चावीवाल्याच्या घरी आलेली बाई

बाबांची टपरी एका जिन्याखाली होती. जागा अशी की सरळ उभं राहिलं तर डोकं आपटायचं. म्हणून बाबा कायम बसलेले आणि गिऱ्हाईक कायम वाकलेलं. "भले भले माझ्यापुढे वाकतात," असं बाबा म्हणायचे. त्यावर शेजारी छत्र्या दुरुस्त करणारे छत्रीकाका नाकातून म्हणायचे, "तुझ्यापुढे नाही रे, जिन्यापुढे वाकतात. समजलं का?" हा संवाद वर्षानुवर्षं रोज व्हायचा आणि दोघेही रोज नव्याने हसायचे.

बाबा चाव्या करायचे. यंत्र नव्हतं. गिऱ्हाइकाची चावी आणि कोरी चावी एकत्र आवळायची आणि कानशीने एकेक दात पाडायचा. कुलूप उघडायला बोलावलं तर दारापुढे उकिडवे बसायचे, वाकडी तार आत घालायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. "कुलूप बघून काय कळतंय? बाहेरून सगळी सारखीच. ते ऐकायचं." आत कुठेतरी नखाएवढं टक व्हायचं. ते आजूबाजूच्या कोणालाच ऐकू यायचं नाही. मला यायचं, आणि मी जिभेने ते जसंच्या तसं वाजवून दाखवायचे. म्हणून बाबा मला पोपट म्हणायचे.

आई बसच्या तिकीटखिडकीवर. काचेआड बसून दिवसभर माइकमधून तिचं चालायचं, "पुढचा. कुठे. सुट्टे." एवढ्या शब्दांत ती जगाचा निकाल लावायची. घरीही तोच खाक्या. दोघांची गाठ पडली ती या खिडकीपाशीच. एकदा तिच्या केबिनचं कुलूप बाहेरून अडकलं. आई आत कोंडलेली, बाहेर प्रवाशांची झुंबड, आणि कुलूप काढायला बाबा. आईने आतून त्यांना जे फैलावर घेतलं ते ऐकत बाबा दाराला कान लावून बसले. कुलूप चुटकीसरशी निघण्यातलं होतं. त्यांनी मुद्दाम लांबवलं. "हे बोलणारं माणूस दिसतं कसं, ते बघायची मला घाईच नव्हती," असं ते सांगायचे. आई म्हणायची, "तरीच. मला वाटलं, मठ्ठ पाठवलाय."

बाबांचा आजार हातापासून सुरू झाला असं सगळे सांगतात. मला विचाराल तर आधी शीळ गेली. बाबा काम करताना दातांमधून शीळ घालायचे. गाणं कुठलंच नसायचं, नुसती कानशीच्या तालावरची शीळ. ती कधी थांबली ते कळलंच नाही. पंखा बंद पडल्यावर थोड्या वेळाने लक्षात येतं ना, तसं झालं.

मग एकदा छत्रीकाका घरी आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. "वहिनी, माझं काही चुकलंय का? हा माझ्याशी बोलत नाही हो. सकाळी टोमणा मारावा तर याचं उत्तर संध्याकाळी. तोवर मीच विसरतो मी काय बोललो ते, समजलं का?"

"घरी तरी कुठे बोलतात?" आई म्हणाली. "तोंड पाडून बसायचं, विचारलं की म्हणायचं काही नाही."

"तोंड पाडलेलं नाही," बाबा आतून म्हणाले. बऱ्याच वेळाने.

"आरशात बघा जरा."

बाबा उठून खरंच आरशात बघायला गेले आणि तिथेच उभे राहिले. आईला वाटलं, हा रुसवा आहे. ती रुसव्यावरचे सगळे उपाय करून दमली. बोलणं सोडलं, मग जास्त बोलली, मग रडली. बाबांच्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही. लग्नाला बोलावलं तर जात नाही म्हणाले. टपरी उघडायला उशीर करू लागले. बाहेर पडताना चप्पल घालून दारात घुटमळत राहायचे. ज्या माणसाने गावभराची दारं उघडली, त्याला आपल्याच दाराबाहेर पडायची भीती वाटायला लागली होती.

टपरी बंद झाली त्या दिवशी हाताची चूक नव्हती, हे मी आवर्जून सांगते. एका माणसाची घराची चावी होती, चालू चावी. तशीच दुसरी करून हवी होती. बाबांनी तीच कोरी समजून आवळली आणि तिच्यावर भलत्याच चावीचे दात पाडले. अगदी रेखीव पाडले. त्या माणसाकडे तेवढी एकच चावी होती आणि घराला कुलूप. छत्रीकाका म्हणाले, मी शेजारी बसून बघत होतो, मला वाटलं याचं काही गणित असेल. बाबा ती चावी तळहातावर घेऊन बघत बसले. नंतर त्या माणसाबरोबर गेले, तार घालून दार उघडून दिलं, परत आले, हत्यारं पिशवीत भरली आणि पुन्हा टपरीवर गेले नाहीत.

मग डॉक्टरांकडे नेलं. आमच्या डॉक्टरांना प्रत्येक वाक्याआधी "हं, हं" करायची सवय, जणू रोगीच त्यांना औषध सांगतोय. "हं, हं. कंपवात आहे. हात थरथरतो तो लोकांना दिसतो. पण हा आजार मनालाही धरतो. उत्साह जातो, विचार सावकाश होतो, क्रम चुकतो, भीती वाटते. चेहरा हलत नाही म्हणून आत काही नाही असं समजू नका. आणि हा स्वभाव नाही. हं? त्यांना दोष देऊ नका."

आई घरी येऊन गॅसपाशी उभी राहिली. "मी वर्षभर या माणसाला घुम्या म्हणत होते," एवढंच म्हणाली आणि चहाचं आधण उतू गेलं.

गोळ्यांनी गुण आला. बाबा खुर्चीतून उठायला लागले, शर्टाची बटणं लावायला लागले. छत्रीकाकांना टोमणासुद्धा वेळेत परत मिळाला एकदा. पण मग बाबांना टेबलाखाली कुत्रं दिसायला लागलं. तक्रार अशी नव्हती. "पाय जरा बाजूला घे, ते झोपलंय," म्हणायचे. कधी पडद्याजवळ एक छोटी मुलगी उभी असायची. आई त्या कुत्र्याला ओलांडून जायची. म्हणायची, "असू दे. खायला तर मागत नाही."

आणि एका सकाळी आईने चहा पुढे ठेवला तेव्हा बाबा कपाकडे बघत म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"आत्ता कुठे मान द्यायला सुचलं," आई म्हणाली. "पुढचा."

बाबा हसले नाहीत. ते हसत नसतच आता, म्हणून कोणाला कळलं नाही. आई कामावर गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज तसाही खाली गेला होता, तो आणखी खाली आणला. "पोपट, ही बाई कोण?"

"कुठली बाई?"

"चहा देऊन गेली ती. आईचा चष्मा घातलाय. आईसारखी चालते. भुवईवरचा व्रणसुद्धा केलाय. हुबेहूब केलीय कोणीतरी." ते थांबले. वाक्य जुळवायला त्यांना वेळ लागायचा, मध्ये बोललं की सगळं विस्कटायचं, म्हणून मी गप्प बसले. "दात सगळे बरोबर आहेत. पण कुलपात फिरत नाही."

आईला हे कसं सांगायचं? सांगावं लागलं नाही. संध्याकाळी तिनेच ऐकलं. "तुम्ही आता निघा," बाबा तिला म्हणाले. "माझी बायको यायची वेळ झाली."

आई पहिल्यांदा हसली. मग तिने लग्नाचे फोटो काढले. मग घरातल्या सगळ्या जुन्या गोष्टी सांगितल्या. बाबा मोजा कुठल्या पायात आधी घालतात इथपर्यंत. तिला जितकं जास्त माहीत, तितके बाबा जास्त घाबरले. "एवढं सगळं हिला शिकवलं कोणी?" त्यांनी मला विचारलं.

आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचा आवाज असा की बोलायला लागली की भांडी वाजतात. तिला वाटायचं, भाऊ लाडावलाय. तिने आईला समोर उभं केलं आणि शाळा घेतली. "हं, नीट बघ. ही कोण? सांग. अरे सांग की. नाक कोणाचं आहे हे?"

"नाक तिचंच आहे," बाबा म्हणाले.

"मग?"

"नाक तिचं आहे. ही ती नाही."

"ऐकलंस?" आत्या आईला म्हणाली. "नाटकं आहेत. तू फार ऐकून घेतेस."

बाबा उठले, बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावून घेतली. दुपारची गोळी आईच्या हातून घेतली नाही, संध्याकाळचीही नाही. गोळी चुकली की अंग लाकडासारखं व्हायचं. ते आत संडासाच्या झाकणावर बसलेले होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. आई दाराबाहेर होती. आत्याने शेजाऱ्यांना हाका मारल्या. मी मोबाइल खालच्या फटीतून आत सरकवला आणि आईला म्हटलं, दुसऱ्या खोलीत जा, तिथून फोन कर. मला नक्की काही सुचलं होतं असं नाही. फक्त हे माहीत होतं की या घरात बघण्यापेक्षा ऐकण्यावर जास्त भरवसा आहे.

आत घंटी वाजली. खूप वेळ वाजली. मग बाबा म्हणाले, "हॅलो."

"काय चाललंय?" आई म्हणाली. तिकडच्या खोलीतून, भिंतीकडे तोंड करून.

"अगं," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका मोकळा झाला की आत्यासुद्धा गप्प झाली. "कुठे आहेस तू? इथे कोणीतरी बाई येऊन राहिलीय."

"मीच ठेवलीय. मला सुट्टी नाही. कामाला बरी आहे. तिच्या हातून गोळी घ्या."

"तू ठेवलीस?"

"मग काय ती कुलूप तोडून आली?"

बाबांनी बसल्या बसल्या हात लांबवून कडी काढली.

तेव्हापासून आमच्याकडे संसार फोनवर चालला. आई स्वयंपाकघरातून बाबांच्या खोलीत फोन करायची. दोघांच्या मध्ये एक भिंत आणि ताटांचं कपाट. बाबा तिला दिवसभराचं सांगायचे. गुडघा, कुत्रं, पोपटाचा अभ्यास, आणि त्या बाईच्या तक्रारी. "तशी वाईट नाही. पण सारखी माझ्या तोंडाकडे बघते." आई म्हणायची, "सांगते तिला." फोन ठेवून आई बाबांचं ताट घेऊन आत जायची आणि खाली बघत वाढायची. मला एकदाच म्हणाली, "सवत आणली असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. हिच्या काय उपटू?"

एकदा आईचा घसा पार बसला. सर्दी आणि दिवसभराचा माइक. फोनची वेळ झाली, आवाज फुटेना. बाबा खोलीत फोन मांडीवर घेऊन बसलेले. आईने खुणेने मला सांगितलं, तू कर. आईचा आवाज माझा हातखंडा. नातेवाइकांना मी कित्येकदा चकवलंय, आत्याकडून तर आईच्या आवाजात भाजी आणवलीय. मी फोन लावला. "काय चाललंय? जेवलात? पुढचा."

मग बाबा म्हणाले, "पोपट, आईला दे."

मी आईकडे बघितलं.

"पुढचा म्हणण्याआधी ती श्वास घेत नाही. तू घेतलास."

आई माझ्या शेजारीच कान लावून उभी होती. तिने फोन घेतला आणि त्यात नुसती फुटक्या भांड्यासारखी खरखर केली. शब्द एकही उमटला नाही. बाबा लगेच म्हणाले, "अगं, घसा बसलाय ना? बोलू नकोस. मीच बोलतो." आणि बोलत राहिले. आई फोन कानाला लावून ओट्यापाशी खाली बसली. एवढ्या खरखरीत ज्याने तिला ओळखलं, तो तिने ताट नेलं की म्हणणार होता, ठेवा तिथे.

तिला ते सहन झालं नाही. घसा सुटल्याबरोबर ती डॉक्टरांकडे गेली. "मला माझा नवरा परत पाहिजे," असं तिने सरळ सांगितलं, तिकीट मागावं तसं. डॉक्टर म्हणाले, "हं, हं. भास आणि संशय हे थोडे आजाराचे, थोडे गोळ्यांचे असतात." आधी त्यांनी एक वेगळी गोळी देऊन बघितली. तिने बाबा नुसते झोपायला लागले. मग म्हणाले, मूळ गोळ्या हळूहळू कमी करून बघू, पण अंग आखडेल. चालेल का? आई म्हणाली, चालेल.

गोळ्या कमी होत गेल्या. आधी कुत्रं गेलं. मग पडद्याजवळची मुलगी. मग बाबांना खुर्चीतून उठता येईना. मग कुशीवर वळता येईना. घास तोंडात धरून बसायचे, गिळायचं राहून जायचं. पाणीसुद्धा ठसक्याबरोबर बाहेर. आई त्यांना वळवायची, पुसायची, भरवायची, आणि वाट बघायची.

एका दुपारी आई चादर बदलत होती. बाबांना एका कुशीवर करून तिने अर्धी चादर खाली सारली होती. बाबांचं तोंड तिच्याकडे.

"अगं," ते म्हणाले, "कधी आलीस?"

आई चादरीचं टोक धरून तशीच राहिली. "आत्ताच."

"उशीर केलास."

"बस उशिरा सुटली," आई म्हणाली. आयुष्यभर खिडकीत बसून तिने बसची बाजू घेतली होती. त्या दिवशी पहिल्यांदा सगळं बसवर ढकललं.

त्यानंतर बाबा तिला ओळखत राहिले. फोनची गरज उरली नाही. आई कामावरून आली की चपला काढायच्या आधी आत जाऊन उभी राहायची, आणि बाबा म्हणायचे, "आलीस." ते ऐकून ती चपला काढायला परत बाहेर यायची. मी तिची नक्कल करून दाखवली तर लाजली. पण बाबांच्या पाठीला जखम झाली. छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. या वेळी त्यांनी "हं, हं" केलं नाही. "असंच राहिलं तर पडून पडून जातील. गोळ्या वाढवल्या तर उठतील, गिळतील. पण मग ते सगळं परत येईल, बहुतेक. दोन्ही एकदम देता येत नाही मला."

"बघू," आई म्हणाली.

मी तिला म्हटलं, "वाढवू नकोस. ते तुला परत घालवून देतील."

"तुला काय वाटतं, मला कळत नाही?"

"मग कशाला?"

"तू गप्प बस," आई म्हणाली आणि आत गेली. पलंगावर बसली, बाबांचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. गोळ्या वाढवल्या की तुम्ही उठाल, आणि मग मी तुम्हाला परकी वाटेन. तुम्ही मला बाई म्हणाल. आधीही म्हणत होतात. आठवत असेल नसेल. तुम्हाला काय पाहिजे?

नेहमी बाबांचं उत्तर यायच्या आत आई स्वतःच उत्तर द्यायची. घाई अंगातच मुरलेली, मागे रांग उभी असल्यासारखी. त्या दिवशी ती थांबली. खूप थांबली. मला वाटलं, बाबांना प्रश्नच पोचला नाही.

"त्या बाईशी," बाबा म्हणाले, "मी नीट वागतो का?"

"वागता. जरा तुसडे आहात."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चेहरा होता तसाच, भिंतीसारखा. "तिला सांग," ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस म्हणावं."

"सांगते," आई म्हणाली. मग उठून तिने डॉक्टरांना फोन केला आणि गोळ्या वाढवायला सांगितलं.

पहिल्यांदा गिळणं सुधारलं. पाठ भरून आली. काही आठवड्यांनी बाबा माझा खांदा धरून दारापर्यंत चालले. त्याच सुमारास एका सकाळी त्यांनी आईच्या हातातला कप घेतला, तिच्याकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "ठेवा तिथे."

आईने कप ठेवला. त्या दिवशी ती कामाला गेली नाही. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी बाबांच्या खोलीच्या दारावर टकटक करते आणि विचारते, "आत येऊ का? मी बाई." फोन पुन्हा चालू आहे.

आता संध्याकाळी बाई बाबांना खाली फिरवून आणते. परवा मी मागून येत होते. बाबांचे पाय मध्येच जमिनीला चिकटतात, तेव्हा ती ओढत नाही, शेजारी उभी राहते. फाटकापाशी ते असेच थांबले. दोघं रस्त्याकडे बघत उभी. बाबा काहीतरी जुळवत होते. आईने घाई केली नाही.

"अहो बाई," ते म्हणाले, "माझी बायको परत आली की तुम्ही जाणार का?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"जाऊ नका," बाबा म्हणाले. "तिला एकटीला झेपायचं नाही."

आई रस्त्याकडे बघत राहिली. मग बाबांचा पाय सुटला आणि दोघं पुढे चालू लागली.